फाट्याचं पाणी

आपल्या त्रैमासिकाच्या मागच्या अंकात बारामती-इंदापूरच्या प्रवासावरचा माझा लेख छापून आला होता. ज्यांनी तो वाचला नाही त्यांचं काहीही बिघडलेलं नाही. ज्यांनी वाचला त्यांना त्यातलं एक वाक्य आठवत असेल, कारण चार जणांनी मुद्दाम फोन करून त्या वाक्याला दाद दिली. "ठकुबाईंच्या रांजणातलं पाणी गोड होतं, पण गुणाचं नव्हतं."

वाक्य जमलं होतं. फक्त ते खोटं होतं. आणि त्यापायी पणदऱ्याच्या पुढच्या एका वस्तीवर, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वर्षानुवर्षं भरलेला असणारा एक रांजण आज पालथा पडला आहे. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो आहे. या वेळी जसा झाला तसा.

दिवेघाट ते लोणी भापकर

आधी आमच्या वाहनाची ओळख. माझा मेव्हणा अरविंद याचं पुण्यात गॅरेज आहे. परदेशात लोक घरासारख्या गाड्यांतून हिंडतात हे त्यानं कुठल्याशा मासिकात पाहिलं आणि एक जुनी मेटॅडोर घेऊन तो वर्षभर तिच्यामागे लागला. आत दोन बाकं, त्यांचेच रात्री पलंग. एक घडीचं टेबल, वातीचा स्टो, हातभर बेसिन, आणि टपावर शंभर लिटरची पाण्याची टाकी. टाकीपासून बेसिनपर्यंत नळ आणला होता. तो नळ सोडून दाखवताना अरविंदच्या चेहऱ्यावर धरणाचे दरवाजे उघडणाऱ्या मंत्र्याचा भाव येई. माझ्या बायकोनं, विमलनं, गाडीला एकदा नीट पाहून घेतलं आणि तिचं नाव 'गोगलगाय' ठेवलं. घर पाठीवर आहे म्हणून असेल असं अरविंदला वाटलं. वेग पाहून ठेवलं होतं हे त्याला दिवेघाटात कळलं.

खातेवाटप असं होतं. इंजिन अरविंदकडे. स्वयंपाक, कपडे, औषधं, पैसे, नकाशा आणि आम्हा दोघांची भांडणं विमलकडे. पाणी माझ्याकडे. कारण मी तेहतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं. पिण्याच्या पाण्यासाठी मी दोन गोष्टी घेतल्या होत्या. गाळ बसवायला तुरटीचा खडा आणि जंतू मारायला क्लोरीनच्या थेंबांची बाटली. निघण्याआधी मी दोघांना बसवून त्यावर पाऊण तास बोललो. अरविंद म्हणाला, "भाऊजी, परीक्षा कधी आहे?"

ती बाटली दिवेघाटातच आडवी झाली. बूच मीच नीट लावलं नव्हतं. सासवडला चहाला थांबलो तेव्हा खण उघडून पाहतो तो बाटली कोरडी, आणि त्याच खणात घडी करून ठेवलेल्या माझ्या खाकी पँटवर नकाशातल्या बेटांसारखे पांढरे डाग. पाऊण तासाचं व्याख्यान ताजं होतं. त्या क्षणी मी जे करायला हवं होतं ते सोपं होतं. "बाटली सांडली, सासवडच्या दुकानात दुसरी मिळते का बघू," एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी बाटलीत साधं पाणी भरलं, बूच घट्ट लावलं आणि ती परत खणात ठेवली. पँट पिशवीच्या तळाशी गेली.

हे मी आजवर कुठंही लिहिलेलं नव्हतं.

लोणी भापकरला पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. जुन्या देवळापुढचं दगडी कुंड बघायचं होतं. पण आम्ही कुंड बघायच्या आत गाव आम्हाला बघायला जमलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना खिडक्या, खिडक्यांना पडदे. एक म्हातारबाबा लांबूनच म्हणाले, "डोळं तपासनारी गाडी आली वाटतं." दुसरा म्हणाला, "न्हाय वो आबा, ही आपरेशनवाली. पोरं बंद करायची." एवढं ऐकून दोन तरुण जे निघून गेले ते पुन्हा दिसले नाहीत. विमलनं खाली उतरून सांगितलं की आम्ही फक्त फिरायला आलो आहोत आणि याच गाडीत राहतो. मग एका बाईनं तिला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "बाई, सुनंनं भाईर काढलं का वो?"

तो भाग कोरडा. पाट तिथवर पोचत नाही. देवळाजवळच्या हॉटेलात बसलो तर मालकानं आधीच सांगून टाकलं, "पाव्हणं, च्या किती बी घ्या. पानी मातुर पेल्याच्या वर मागू नका." आमची टाकी पुण्याहून भरलेली होती, म्हणून मी जरा मोठेपणानं म्हटलं, "आमच्याकडं आहे पाणी." मालक म्हणाला, "मग पेलाभर आमालाच द्या की." आणि त्यानं खरोखरच पेला पुढं केला. अरविंदनं त्याला बादलीभर दिलं. चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत.

पणदऱ्याच्या पुढं

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडं उतरलो आणि देश बदलला. लोणीला जिथं नजर जाईल तिथं कुसळं होती, इथं ऊस. तोडणी जोरात होती. उसानं भरलेल्या बैलगाड्यांच्या मागून गोगलगाय चालली होती आणि बैल अधूनमधून मागं वळून आमच्याकडं दयेनं बघत होते.

टाकी अर्ध्यावर आली होती. पणदरे सोडून थोडं पुढं गेल्यावर रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एक छोटा मांडव दिसला. मांडवात रांजण, रांजणाला ओल्या गोणपाटाचं किलतान गुंडाळलेलं, वर लाकडी झाकण, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं. शेजारी एक सत्तरीची बाई शेळीला पाला टाकत होती. त्या ठकुबाई.

"प्या की," त्या म्हणाल्या. आम्ही कोण, कुठले, काही नाही. आधी पाणी. ओगराळ्यानं त्यांनी तिघांच्या ओंजळीत वरून पाणी धरलं. गार, आणि खरोखर गोड. चहात साखर असते तसं गोड नव्हे. मचूळ नाही, खारट नाही, पिऊन झाल्यावर जिभेवर काही मागं ठेवत नाही, त्याला तिकडं गोड म्हणतात.

मी सवयीनं विचारलं, "पाणी तपासलंय का कधी?"

"तपासलंय की. माझ्या सासऱ्यानं."

"ते काय करायचे?"

"मेंढरं राखायचं. आमची समदी हयात मेंढरामागं गेली. ही हीर खांदली तवा सासऱ्यानं पैलं पानी मेंढराम्होरं ठेवलं. मेंढरू वंगाळ पान्याला त्वांड लावत न्हाय. तुमच्या म्हशीगत न्हाय त्ये."

"आमच्याकडं म्हैस नाही हो," विमल म्हणाली.

"मग बरं हाय," ठकुबाई म्हणाल्या आणि का कोण जाणे माझ्याकडं बघून हसल्या.

अरविंदनं टाकीचं विचारलं. त्या म्हणाल्या, "चारला लाइट यील. माझा बिरू डेरीवरनं आला की मोटार लावंल, टाकी भरून घ्या. तवर बसा, भाकरी खावा." मी घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. मला संध्याकाळच्या आत पळसदेव गाठून पाण्यावरचा सूर्यास्त बघायचा होता, त्यावर लिहायचंही होतं. मी म्हटलं, वाटेत कुठं तरी भरून घेऊ.

गाडी सुरू झाली तशा त्या चार पावलं धावत आल्या. "वाटंत भरा, पर फाट्याचं घेऊ नका! ते प्यायचं न्हाय!"

मी खिडकीतून हात केला. कळलं म्हणून.

आता इथं नीट लक्ष द्यावं. पुढं अर्ध्या मैलावर रस्त्याला फाटा फुटत होता. कोपऱ्यावर गावांची नावं लिहिलेला दगड, आणि दगडाशेजारी एक हापसा. दोन पोरी खिदळत त्यावर हंडे भरत होत्या. अरविंदनं गाडीचा वेग कमी केला.

"थांबू नकोस," मी म्हणालो. "म्हातारीनं सांगितलंय, फाट्याचं घेऊ नका."

तिथून आणखी दोनशे पावलं गेलो तर रस्त्याला लागून दगडी बांधणीचा एक सुंदर कालवा. फार रुंद नाही, तीन-चार हात. काठोकाठ वाहतं, नितळ पाणी. तळाचे खडे दिसत होते. मी म्हटलं, "हे बघ. याला म्हणतात पाणी."

"भाऊजी, हे उघडं पाणी आहे."

"वाहतं आहे. वाहत्या पाण्यात प्राणवायू मिसळत राहतो."

"आणि त्या आजी..."

"त्या फाट्याचं नको म्हणाल्या. फाटा मागं राहिला की. दगड दिसला नाही तुला?"

आम्ही बादल्यांनी टाकी भरू लागलो. थोडं खाली धुणं धूत बसलेल्या एका बाईनं विचारलं, "गाडी धुवायची व्हय?" एवढं सगळं समजावून सांगायचा मला कंटाळा आला. मी म्हणालो, "हो."

टाकी भरली. मी टपावर चढलो, तुरटी फिरवली, आणि मग खिशातून बाटली काढून, दोघांना दिसेल असं हात उंच धरून, मोजून थेंब टाकले. साध्या पाण्याचे. अरविंद खालून मोजत होता. एक थेंब जास्त पडला तेव्हा तो म्हणाला, "फार झालं का?" मी म्हणालो, "चालतं."

गाडी निघाली आणि कालव्याच्या वरच्या अंगाला अरविंदला काहीतरी दिसलं. "भाऊजी, म्हशी." सात-आठ म्हशी पाण्यात गळ्यापर्यंत बसल्या होत्या. मी म्हणालो, "औषध घातलंय ना." विमलला माझ्या औषधावर विश्वास होता.

पळसदेव

उजनीच्या पाण्यावर पोचलो तेव्हा सूर्यास्त होऊन गेला होता. बैलगाड्यांनी वेळ खाल्ला होता. म्हणजे चारपर्यंत ठकुबाईंकडं बसलो असतो तरी काहीच बिघडलं नसतं.

सकाळी मात्र डोळे निवले. नजर पोचेल तिथवर पाणी, काठच्या उथळात गुलाबी पायांचे रोहित पक्षी, आणि जाळी झटकणारे मच्छीमार. धरणात बुडालेलं जुनं देऊळ बघायला मी आलो होतो. एका मच्छीमाराला विचारलं, देऊळ कुठं आहे? त्यानं वल्ह्यानं पाण्याकडं दाखवलं. "हितंच हाय."

"कुठं?"

"खाली. पानी उतारलं की वर येतं. उन्हाळ्यात यायचं."

"आम्ही आत्ता आलोय."

"मंग मासं खावा," तो म्हणाला आणि टोपलीतून दोन मोठे मासे काढून दिले. विमलनं स्टोवर ते तिखट-मिठात तळले. मच्छीमार आमच्याबरोबरच जेवला. पाणी प्यायला आमच्या बेसिनच्या नळाखाली पेला धरायची त्याला भारी मौज वाटली. पण घोटभर घेऊन त्यानं बाकीचं ओतून टाकलं. "टाकीचा वास येतोय," म्हणाला. मला क्लोरीनचा वास यायला हवा होता. तो येत नव्हता, हे मला एकट्याला ठाऊक होतं.

जाता जाता हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात सीलबंद बाटलीतलं पाणी विकायला ठेवलेलं दिसलं. तेव्हा ते नवीनच निघालं होतं. विमल म्हणाली, "एक घेऊ या का?" मी म्हणालो, "रसायनशास्त्राच्या माणसानं पाणी विकत घ्यायचं?" हॉटेलवाला हसला. मीही हसलो. ती नाही हसली. तिच्या पोटात तेव्हाच कळ येत होती, पण माझी सहल बिघडू नये म्हणून ती गप्प होती.

इंदापूर

इंदापूर आम्ही पाहिलं नाही. म्हणजे एका छोट्या दवाखान्याची भिंत आणि तिच्यावरचं बाळगुटीचं कॅलेंडर पाहिलं, दोन दिवस.

विमलला उलट्या आणि जुलाब सुरू झाले ते थांबेनात. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले, हातापायांना गोळे येऊ लागले. दवाखान्यात नेली तेव्हा ती मला ओळखत होती, पण बोलत नव्हती. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सलाईन लावलं आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "पाणी कुठलं प्यालात?"

अरविंद माझ्याकडं बघत होता. खोलीत आणखी दोन रुग्ण आणि त्यांची माणसं होती. मी रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे हे मी आत शिरतानाच डॉक्टरांना सांगून बसलो होतो.

"वाटेत एका म्हातारीच्या रांजणातलं," मी म्हणालो.

वाक्य तोंडातून गेलं आणि मला बरं वाटलं. ते अगदीच खोटं नव्हतं ना. प्यालो तर होतोच. डॉक्टर म्हणाले, "या लोकांना सांगून सांगून थकलो." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते.

विमल वाचली. तिसऱ्या दिवशी पातळ भात खाऊन म्हणाली, "कॅलेंडरवरचं बाळ फार लठ्ठ आहे." तेव्हा अरविंद बाहेर जाऊन रडून आला. गोगलगाय तशीच पुण्याला वळवली.

पुणे

मग मी लेख लिहिला. डॉक्टरांना सांगितलेलं वाक्य कागदावर घातलं, त्याला धार लावली, ठकुबाईंचं नाव घातलं, गाव घातलं. नावागावानं लेखाला जिवंतपणा येतो असं मीच भित्तिपत्रक काढणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगत असे.

फाल्गुनात अरविंद कसलासा सुटा भाग आणायला बारामतीला गेला होता. येताना मुद्दाम वाट वाकडी करून ठकुबाईंना भेटला आणि संध्याकाळी थेट आमच्याकडं आला. पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही.

"भाऊजी, रांजण पालथा घातलाय."

तिथल्या शाळेतले गुरुजी आपल्या त्रैमासिकाचे वर्गणीदार निघाले. आपल्या गावचं नाव छापून आलं म्हणून त्यांनी कौतुकानं तो लेख देवळात मोठ्यानं वाचून दाखवला. ते वाक्य येईपर्यंत. त्यानंतर लोक रांजणाजवळून पुढं जाऊ लागले. कुणी काही बोललं नाही, पण ओंजळ धरेनासं झालं. शेजारणीनं हळदीकुंकवाला पाणी दुसरीकडून आणलं. पंधरा दिवस रांजण भरून ठेवून, रोज संध्याकाळी तो तसाच झाडाला ओतून, मग ठकुबाईंनी एक दिवस तो पालथा घातला.

विमल आत गेली आणि माझी खाकी पँट घेऊन आली. डागांची. ती टेबलावर पसरून म्हणाली, "दवाखान्यातून आल्यावर धुवायला काढली तेव्हाच कळलं. मग बाटलीचा वास घेऊन पाहिला. वासच नव्हता."

"आणि तू बोलली नाहीस?"

"वाटलं, तुम्ही बोलाल. मग लेख आला. वाटलं, आता तरी बोलाल." ती पँटची घडी घालू लागली. "माझं राहू द्या हो. मी तुमची बायको आहे, माझी सवय आहे. त्या बाईनं काय केलं होतं तुमचं?"

पुन्हा पणदरे

चैत्रातल्या उन्हात आम्ही तिघं गोगलगाय घेऊन पुन्हा तिथं पोचलो. लिंबाखाली मांडव तसाच, किलतान वाळून कडक झालेलं, रांजण पालथा. त्याच्या बुडावर कोंबडी बसली होती. ठकुबाई बाजूला शेंगा फोडत होत्या.

"आली का डोळं तपासनारी गाडी," त्या म्हणाल्या. लेखातला लोणीचा किस्सा त्यांच्यापर्यंतही पोचला होता. उठल्या नाहीत.

"ठकुबाई, माझं चुकलं."

"चुकतंय की मानसाचं. कशात चुकलं?"

सांगू लागलो. त्या मधे मधे "मंग?" एवढंच म्हणत होत्या. फाट्यापाशी आलो तेव्हा त्यांचे हात थांबले.

"आवं, मी सांगितलं हुतं न्हवं, फाट्याचं घेऊ नका?"

"मला वाटलं, फाटा म्हणजे रस्त्याचा. जिथं दगड आहे, हापसा आहे."

"आन् मग घेतलं कुठलं?"

"पुढं तो दगडी कालवा आहे ना, त्यातलं."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "त्योच फाटा! पाटाचा फाटा!" त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या इतक्या हसल्या की कोंबडी उडून गेली. "बिरू! आरं भाईर ये! मास्तरनं हापशाचं ग्वाड पानी सोडलं आन् म्हशीचं घेतलं! मी सांगितलं म्हनून!" बिरू, त्यांचा मुलगा, बाहेर आला. तोही हसला. अरविंद हसला. पाटाला फुटलेल्या शाखेला तिकडं फाटा म्हणतात हे तेहतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला माहीत नव्हतं.

"आन् औषद घातलं म्हनं न्हवं त्यात?"

"औषध सांडलं होतं. बाटलीत नुसतं पाणी होतं."

"पान्यात पानी घातलं," ठकुबाई म्हणाल्या. आणि हसणं थांबलं. "आन् कागदावर नाव माझं घातलं."

मी पालथ्या रांजणाकडं पाहिलं.

"मास्तर, आमी मेंढरामागं हिंडायचो तवा पानी मागत हिंडायचो. कुनी द्यायचं, कुनी कुत्रं सोडायचं. हीर लागली तवा सासरा म्हनला, ठके, रस्त्याला रांजन ठेव, मागायची पाळी कुनावर यायला नगं. चाळीस वर्सं झाली त्येला. पानी कमी पडलं तवा आमी घरात कमी प्यालो, पर रांजन रिता ठेवला न्हाय." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "मला सांगून काय उपेग? मला माझं पानी ठावं हाय. गावाला सांगा. सकाळी समदी डेरीवर येत्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या तीस-चाळीस माणसांपुढं मी उभा राहिलो. म्हटलं, "मला पाण्याबद्दल थोडं बोलायचंय."

"जपून बोला," मापाशेजारचे एक तात्या म्हणाले, "हितं समद्यांच्याच दुधात हाय ते."

हशा ओसरल्यावर मी सगळं सांगितलं. बाटली, फाटा, डॉक्टर, वाक्य. फाट्यापाशी पुन्हा हशा झाला. तात्यांनी विचारलं, "काय शिकवायचा म्हनला तुमी?"

"रसायनशास्त्र."

"मग बरं. मराठी शिकवीत न्हवता."

गुरुजी मात्र हसले नाहीत. हडकुळा, सरळ मनाचा माणूस. ते म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता ते ऐकलं. पण तुमचं आधीचं छापील आहे. मी पोरांना सांगतो, छापलेलं वाचा, ऐकीव धरू नका. आता छापलेलं धरू की बोललेलं?"

गर्दीच्या मागून ठकुबाई म्हणाल्या, "गुरुजींचं बराबर हाय."

तिथून आम्ही विहिरीवर गेलो. बिरूनं मोटार लावली. विमलनं सगळ्यांच्या देखत पाइपाला ओंजळ लावली आणि पोटभर पाणी प्याली. थांबून पुन्हा प्याली. गुरुजी बघत होते. ठकुबाई त्यांना म्हणाल्या, "तुमी बी प्या की गुरुजी. का आदी वाचून बघताय?" गुरुजी ओशाळले, वाकले आणि प्याले. मग तात्या, मग दोघे-तिघे, मग अरविंद.

मी ओंजळ पुढं केली तेव्हा ठकुबाईंनी बिरूला खूण केली. त्यानं मोटार बंद केली.

"तुमी छापून आना," त्या म्हणाल्या, "मग प्या. रांजन बी तवाच सुलटा करीन."

संपादकांना विनंती, हा लेख याच अंकात घ्यावा. पुढच्या अंकापर्यंत पाऊस पडेल, आणि त्या रस्त्यानं ऊन डोक्यावर घेऊन जाणाऱ्यांना त्याचा काही उपयोग होणार नाही. माझं नाव मागच्या वेळी होतं तेवढ्याच मोठ्या टायपात घालावं.

पणदऱ्याच्या पुढच्या वस्तीवरच्या ठकुबाईंचं पाणी चांगलं आहे. माझी बायको आजारी पडली ती त्यांच्या पाण्यानं नव्हे. त्यांनी घेऊ नका म्हणून सांगितलेलं पाणी मी भरलं, त्यात औषध घातल्याचं सोंग केलं, आणि दोष त्यांच्यावर लिहिला.

गुरुजी, एवढा परिच्छेद देवळात दोनदा वाचावा.